दुसरी प्रत

चिलापीचा मेंदू मोड आलेल्या मटकीएवढा.
कवटी उघडताना हात हलला की दिवस वाया.
म्हणून विद्यापीठाच्या या खोलीत पंखा बंद,
बाहेर सागरमाळाच्या अंगाला मोर केकाटतो
आणि मी श्वास धरून चिमटा चालवते.

मग काप. केसाहून बारीक.
काचेवर चिकटवायचे, औषधात बुडवायचे, रात्रभर थांबायचं.
सकाळी भिंगाखाली जांभळे ठिपके,
पांढऱ्या सदऱ्यावर जांभूळ फुटावं तसे.
जिथं ठिपका, तिथं भीतीचं जनुक जागं.

"भीती तुमची, पंचमी," हेर्लेकर मॅडम म्हणतात,
"माशाचा ताण म्हणा."
मी वहीत ताण लिहिते.
आण्णा चाळीस वर्षं चिखलीच्या संगमावर जाळं टाकतात,
त्यांनी वही न घेताच सांगितलेलं,
"लई धडपडून मेलेला मासा बेचव लागतो. गिऱ्हाइकाला कळतंय."

फार जुनी गोष्ट आहे ही.
हाडांनी आकार धरला त्याच्याही आधी
उतरवून घेताना कुठंतरी चुकलं
आणि सबंध पोथी दोनदा लिहिली गेली.
पुढं माशांच्या वंशात पुन्हा एकदा तसंच.
एका जनुकाच्या झाल्या जुळ्या प्रती.
एकीनं प्रपंच उचलला.
दुसरीला काम उरेना,
काही माशांत तिची अक्षरं गळाली,
काहींत पानंच नाहीत.

माझ्या चिलापीत पहिली प्रत मेंदूभर बोलते.
दुसरी मी सव्वा वर्ष शोधली.
पुढून, मागून, आडवे काप, उभे काप.
मिळाली ती डोळ्यात.
आतल्या पडद्यावर एकच बारीक ओळ,
पेन्शन झाल्यावरही गेटवर येऊन बसणाऱ्या
वॉचमनसारखी.
काय राखतेय, ते मला अजून कळलेलं नाही.
प्रबंधात तिथं लिहिलंय: अधिक संशोधन आवश्यक.

वैशाखात रात्री दीडला आण्णांचा फोन.
"मासं वर आल्यात. सगळं."
वरून कुणीतरी मळी सोडलेली.
गाडीवर बर्फाचा डबा बांधून मी निघाले,
आणि शिवाजी पुलाशी ध्यानात आलं
की हा डबा मी का घेतला.

घाटाच्या पायऱ्यांना लागून तोंडंच तोंडं,
हवा पिणारी.
मरळ, वांब, पोटं वर आलेल्या खवल्या,
पाण्याला गुळाचा नि कुजक्याचा एकत्र वास.
वर्षभर बादलीत ढवळून जो ताण मी मोजून देत होते
तो इथं नदीभर, फुकट.
मी बारा डोकी घेतली. ताजी पाहिजेत म्हणून जिवंतपणी.
आण्णांनी बॅटरी धरली.
एकदाच म्हणाले, "डोळं बघ."
मी डोळेच काढत होते.

तेरावीचं तोंड घट्ट मिटलेलं.
बाकीच्या हवेसाठी आ करतात आणि ही ओठ दाबून.
अंगठ्यानं जबडा उघडला तर आत
राळ्याच्या दाण्याएवढी पिल्लं, दोनशे तरी,
भसकन माझ्या ओंजळीत.
आण्णांनी त्यांची पाण्याची बाटली पुढं केली.
प्यायचं पाणी, घरचं.

बारा नमुने उणे ऐंशीत आहेत. काप अजून केले नाहीत.
मॅडम विचारतात, मी आज म्हणते, उद्या म्हणते.
माझ्या हाताच्या तळव्याला घाम येतो,
तोही त्याच पोथीतून.

पिल्लं खिडकीतल्या टाकीत आहेत.
काचेवर टिचकी मारली की सगळी एका दिशेला धावतात,
जिथं काळं दिसेल तिकडं,
काळं म्हणजे तोंड, एवढंच त्यांना ठाऊक.
मी नळीचं काळं रबरी बूच दोऱ्यानं पाण्यात सोडलंय.
बूच त्यांना आत घेत नाही.
तरी ती त्याला ढुशा देत राहतात
संध्याकाळपर्यंत.